इंजेक्शन पहिल्या बाळंतपणात, राखण पुढच्या बाळाची

ऑस्ट्रेलियातील जेम्स हॅरिसन यांचे १७ फेब्रुवारी २०२५ रोजी वयाच्या ८८व्या वर्षी निधन झाले. चौदाव्या वर्षी छातीच्या मोठ्या शस्त्रक्रियेत परक्यांच्या रक्तावर त्यांचा जीव वाचला होता. ते ऋण फेडण्यासाठी १९५४ पासून त्यांनी रक्तदान सुरू केले आणि वयाच्या ८१व्या वर्षापर्यंत, २०१८ पर्यंत, तब्बल १,१७३ वेळा दान केले. त्यांच्या रक्तद्रवात ‘अँटी-डी’ नावाची प्रतिपिंडे भरपूर होती. त्यापासून बनलेल्या इंजेक्शनांमुळे सुमारे २४ लाख बाळांचे रक्षण झाले, असे तेथील रक्तसेवा सांगते. आजही ऑस्ट्रेलियात अँटी-डी देणारे दाते २००हूनही कमी आहेत आणि दरवर्षी सुमारे ४५ हजार माता व बाळांची गरज ते भागवतात.

ही बातमी आपल्याकडेही बऱ्याच जणांनी वाचली आणि हळहळ व्यक्त केली. पण हेच इंजेक्शन आपल्याकडे उपलब्ध असूनही अनेक बायकांपर्यंत पोहोचत नाही, ही गोष्ट बातमीचा विषय होत नाही. म्हणून आज त्याविषयी.

नेमके काय घडते?

आपल्या रक्तगटापुढे पॉझिटिव्ह किंवा निगेटिव्ह असे लिहिलेले असते. तांबड्या पेशींवर ‘डी’ नावाचे प्रथिन असेल तर व्यक्ती आरएच पॉझिटिव्ह, नसेल तर निगेटिव्ह. निगेटिव्ह असणे हा आजार नाही, त्यात काही कमतरताही नाही. अडचण येऊ शकते ती आई निगेटिव्ह आणि पोटातले बाळ पॉझिटिव्ह असेल तर.

गरोदरपणात आईचे आणि बाळाचे रक्त वेगवेगळे वाहते. पण प्रसूतीच्या वेळी वार सुटताना, गर्भपातात, पोटाला मार लागल्यास किंवा अंगावरून रक्त गेल्यास बाळाच्या थोड्या पेशी आईच्या रक्तात मिसळतात. आईचे शरीर त्यांना परके समजते आणि त्यांच्याविरुद्ध प्रतिपिंडे तयार करते. ती तयार व्हायला वेळ लागतो, म्हणून पहिले बाळ बहुधा सुखरूप जन्मते. मात्र शरीर ही ओळख विसरत नाही. पुढच्या खेपेला पुन्हा पॉझिटिव्ह बाळ असेल तर ही प्रतिपिंडे वारेतून बाळाकडे जातात आणि त्याच्या तांबड्या पेशी फोडू लागतात. बाळाला पोटातच रक्तक्षय होतो, अंगावर सूज येते, काही बाळे पोटातच दगावतात. जी जन्मतात त्यांना पहिल्याच दिवशी तीव्र कावीळ होऊ शकते. ती वेळीच आटोक्यात आली नाही तर मेंदूला कायमची इजा होते.

अँटी-डी इंजेक्शनाचे काम सोपे आहे. आईच्या रक्तात आलेल्या बाळाच्या पेशींची तिच्या शरीराला ओळख पटण्याआधीच ते त्या पेशी हटवते. पण एकदा प्रतिपिंडे तयार झाली की इंजेक्शनाचा काहीही उपयोग होत नाही. वेळेलाच सगळे महत्त्व आहे.

हा उपाय १९६०च्या दशकात इंग्लंडमधील लिव्हरपूल आणि अमेरिकेतील न्यूयॉर्क येथील संशोधकांनी स्वतंत्रपणे शोधला आणि १९६८ मध्ये तो वापरात आला. इंजेक्शन न दिल्यास पॉझिटिव्ह बाळाला जन्म देणाऱ्या शंभर निगेटिव्ह मातांपैकी साधारण १२ ते १६ जणींमध्ये प्रतिपिंडे तयार होतात. प्रसूतीनंतर ७२ तासांत इंजेक्शन दिल्यास हे प्रमाण शंभरात एक-दोनवर येते. २८व्या आठवड्यातही एक डोस दिल्यास ते हजारात जेमतेम दोन-तीन इतके खाली जाते. इतके खात्रीचे उपाय वैद्यकशास्त्रात फार नाहीत.

आपला हिशेब

युरोपीय वंशाच्या लोकांत आरएच निगेटिव्ह व्यक्ती साधारण १५ टक्के असतात, आपल्याकडे सुमारे पाच टक्के. त्यामुळे हा प्रश्न ‘त्यांचा’ आहे, असा समज दिसतो. पण आपल्या देशात वर्षाला दोन कोटींहून अधिक बाळे जन्मतात. त्याचे पाच टक्के म्हणजे किमान दहा लाख माता. शिवाय आपल्याकडे निगेटिव्ह पुरुष कमी असल्याने निगेटिव्ह मातेचा पती बहुधा पॉझिटिव्ह असतो आणि अशा चार मातांपैकी साधारण तिघींचे बाळ पॉझिटिव्ह निघते. म्हणजे दरवर्षी सात-साडेसात लाख बाळंतिणींना हे इंजेक्शन वेळेवर मिळायला हवे.

ते महाग असले तरी दुर्मीळ नाही. राष्ट्रीय आवश्यक औषधांच्या यादीत त्याचा समावेश आहे. दात्यांच्या रक्तद्रवाऐवजी प्रयोगशाळेतील पेशींपासून बनवलेले अँटी-डीही आपल्या देशात वापरले जाते. जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमानुसार २०११ पासून सरकारी रुग्णालयातील प्रसूतीची औषधे आणि तपासण्या मोफत आहेत. मग अडते कुठे?

गळतीच्या जागा

पहिली जागा म्हणजे कागद. गरोदर स्त्रीचा रक्तगट आता बहुतेक ठिकाणी तपासला जातो आणि माता व बाल संरक्षण कार्डावर लिहिलाही जातो. पण लिहिणे आणि त्यावरून पुढचे पाऊल उचलणे यात अंतर आहे. निगेटिव्ह मातेच्या रक्तात आधीच प्रतिपिंडे आहेत का, हे पाहणारी इनडायरेक्ट कूम्ब्ज चाचणी राहून जाते. पतीचा रक्तगट विचारलाच जात नाही. कार्डावरचा ‘निगेटिव्ह’ हा शब्द नाव-पत्त्यासारखा एक तपशील होऊन बसतो.

दुसरी जागा म्हणजे सातवा महिना. २८वा आठवडा म्हणजे सातवा महिना सरत आलेला. आपल्याकडे याच सुमारास डोहाळेजेवण होते, ओटी भरली जाते आणि पहिलटकरीण माहेरी जाते. डॉक्टर बदलतात, दवाखाना बदलतो, कधी कार्ड सासरीच राहते. इकडच्यांना वाटते तिकडे देतील, तिकडच्यांना वाटते इकडे दिले असेल. बीडसारख्या जिल्ह्यांतून ऊसतोडीला जाणाऱ्या बायकांचे तर सगळे गरोदरपणच फडावर आणि प्रवासात जाते. त्यात अनेक ठिकाणी २८व्या आठवड्याचा डोस देण्याची पद्धतच पडलेली नाही. प्रसूतीनंतर एकच डोस दिला की झाले, अशी समजूत आहे.

तिसरी जागा म्हणजे ते ७२ तास. बाळाचा रक्तगट नाळेतल्या रक्तावरून तपासायचा आणि तो पॉझिटिव्ह असेल तर आईला इंजेक्शन द्यायचे, एवढेच काम असते. पण अहवाल यायला उशीर होतो, मध्ये सुटी येते, साठा संपलेला असतो, मग बाहेरून आणायची चिठ्ठी हातात पडते. इंजेक्शनाची किंमत काही हजार रुपये. रोजंदारीवरच्या घराला प्रश्न पडतो की आई ठीक आहे, बाळ ठणठणीत आहे, मग एवढा खर्च कशाला? त्यांचे चुकते असे मी म्हणणार नाही. जे बाळ अजून पोटातही नाही, त्याच्यासाठी आज पैसे मोडायचे आहेत, हे त्यांना कोणी नीट सांगितलेलेच नसते. बाळंतीण घाईने घरी जाते आणि मुदत उलटते.

चौथी जागा सर्वांत अंधारातली आहे. गर्भपात आपोआप झालेला असो वा करवून घेतलेला, त्याची वाच्यता नको असते. दुकानातून गोळ्या आणून घरीच घेतल्या जातात. रक्तगट कोण तपासणार? नळीतल्या गर्भधारणेच्या तातडीच्या शस्त्रक्रियेतही जीव वाचवण्याच्या धावपळीत ही बाब मागे पडू शकते.

जगातला वाद आणि आपण

गर्भपातानंतरच्या अँटी-डीबाबत सध्या जगात मतभेद आहेत, हेही वाचकांनी जाणून घ्यावे. जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ मध्ये १२ आठवड्यांपूर्वीच्या गर्भपातासाठी हे इंजेक्शन देऊ नये, अशी शिफारस केली. इतक्या लहान गर्भाच्या फारच थोड्या पेशी आईच्या रक्तात येतात, हे त्यामागचे कारण. अमेरिकेत २०२४ मध्ये स्त्रीरोगतज्ज्ञांच्या मुख्य संघटनेने बहुतांश तशीच भूमिका घेतली, तर गर्भवैद्यकातील तज्ज्ञांच्या संघटनेने इंजेक्शन देत राहावे असे म्हटले. त्याच सुमारास तिथे अँटी-डीचा तुटवडाही जाणवत होता.

हा वाद फक्त पहिल्या १२ आठवड्यांपुरता आहे. त्यानंतरचा गर्भपात, २८वा आठवडा आणि प्रसूतीनंतरचे ७२ तास यांबद्दल या चर्चेत शंका घेतलेली नाही. मला काळजी वाटते ती वेगळीच. अर्धवट ऐकलेली बातमी ‘आता हे इंजेक्शन लागत नाही’ अशा रूपात पसरायला वेळ लागत नाही. शिवाय घरी गोळ्या घेणाऱ्या स्त्रीला नेमके किती आठवडे झाले होते, हे बहुधा सोनोग्राफीशिवाय अंदाजानेच ठरते. म्हणून गर्भपाताचा विचार असेल तेव्हा आधी दिवस आणि रक्तगट निश्चित करून डॉक्टरांचा सल्ला घ्यावा.

दोष कोणाचा?

लग्न जमवताना ‘दोघांचा रक्तगट एकच आहे, चालेल का?’ असे आम्हाला हमखास विचारले जाते. गट एकच असल्याने काहीही बिघडत नाही. दुसरीकडे ‘मुलगी निगेटिव्ह आहे’ म्हणून स्थळ नाकारल्याचेही ऐकू येते. एका प्रतिबंधक इंजेक्शनाने सुटणाऱ्या प्रश्नासाठी मुलगी नाकारणे शहाणपणाचे नाही.

याहून क्लेशकारक गोष्ट पुढे घडते. पहिले मूल चांगले, त्यानंतर दोन-तीन बाळे पोटातच किंवा जन्मताच गेलेली, अशा स्त्रिया सरकारी रुग्णालयात आजही येतात. घरच्यांनी बाहेरचे, देवाचे सगळे करून झालेले असते आणि बोल लागलेला असतो तो तिलाच. कारण असते तिच्या पहिल्या बाळंतपणात न मिळालेले एक इंजेक्शन. आता अशा मातेच्या पोटातील बाळाला नाळेतून रक्त देता येते. पण ही सोय मोजक्या मोठ्या केंद्रांतच आहे, तिथपर्यंतची धावपळ आणि खर्च सर्वांना पेलवत नाही.

करण्यासारखे

यंत्रणेला नवे काही शोधायचे नाही. दर महिन्याच्या ९ तारखेला प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानात गरोदर मातांची तपासणी होते आणि जोखमीच्या मातेच्या कार्डावर लाल खूण लावली जाते. निगेटिव्ह मातेच्या कार्डावर त्या खुणेबरोबर २८व्या आठवड्याची तारीखही लिहावी. प्रसूती होणाऱ्या प्रत्येक सरकारी ठिकाणी इंजेक्शनाचा साठा हवा आणि ते दिल्याशिवाय सुटीच्या कागदावर सही होऊ नये. दिलेल्या डोसची नोंद कार्डावर असेल तर माहेर-सासरचा घोळही मिटेल.

घरच्यांनी चार गोष्टी कराव्यात. गरोदरपणाच्या सुरुवातीलाच पती-पत्नी दोघांचाही रक्तगट तपासून घ्यावा. दोघेही निगेटिव्ह असतील तर बाळही निगेटिव्हच असते. पत्नी निगेटिव्ह आणि पती पॉझिटिव्ह असेल तर कूम्ब्ज चाचणीबद्दल विचारावे आणि ओटी भरण्याच्या तयारीतच २८व्या आठवड्याच्या डोसची आठवण ठेवावी. प्रसूती झाल्यावर मुलगा की मुलगी याबरोबरच बाळाचा रक्तगट कोणता, हेही विचारावे आणि ७२ तासांच्या आत आईला इंजेक्शन मिळाल्याची खात्री करावी. मुदत चुकली तर गप्प न बसता लगेच डॉक्टरांना भेटावे, कारण थोड्या उशिरानेही काही प्रमाणात उपयोग होऊ शकतो. आधी कधी गर्भपात झाला असेल, अंगावरून गेले असेल किंवा पोटाला मार लागला असेल तर ते लपवू नये.

बाळाच्या बारशाची तयारी करणाऱ्या घरात त्याच्या पाठच्या भावंडाचा विचार कोणाच्या मनात नसतो. तो विचार त्या ७२ तासांत रुग्णालयाने करायला हवा आणि रुग्णालय विसरले तर घरच्यांनी आठवण करून द्यायला हवी.