शेजारची यादवी आणि आपले सैन्य

नाशिक रोडच्या रहिवाशांना तोफांच्या आवाजाचे अप्रूप नाही. देवळालीचे तोफखाना विद्यालय आणि नाशिक रोड कॅम्पमधील तोफखाना केंद्र या परिसराच्या इतके अंगवळणी पडले आहे की, दूरच्या सराव मैदानावरून धडाका ऐकू आला तरी कोणी हातातले काम थांबवत नाही. मात्र येथून तयार होऊन बाहेर पडणारा जवान उद्या कोणत्या भूमीवर उभा राहील, हे तो स्वतः ठरवीत नाही. ते दिल्लीत ठरते. म्हणूनच परक्या देशाच्या अंतर्गत संघर्षात आपले सैन्य उतरवावे काय, हा प्रश्न केवळ परराष्ट्रनीतीच्या पंडितांवर सोपवून मोकळे होता येणार नाही.

ऑगस्ट २०२४ मध्ये बांगलादेशात सत्तांतर झाले. तेथील हिंदूंच्या घरांवर आणि मंदिरांवर हल्ले झाल्याच्या वार्ता येऊ लागल्या आणि आपल्याकडे कट्ट्याकट्ट्यावर एकच सूर उमटला: ‘सरकार वाट कसली पाहते? सैन्य घुसवा!’ या संतापामागील वेदना खरी आहे. तिची टिंगल करण्याचा अधिकार कोणालाही नाही. परंतु वेदना हे धोरण नव्हे. ज्या राष्ट्राला दीर्घकाळ टिकायचे आहे, त्याने आपल्याच इतिहासाची पाने उलटून पाहिली पाहिजेत.

१९७१ साली आपण शेजारच्या यादवीत उतरलो आणि यशस्वी झालो. ते यश केवळ रणांगणावरचे नव्हते. सुमारे १ कोटी निर्वासितांचा भार भारतावर पडला होता. म्हणजे प्रश्न परका राहिलाच नव्हता. ३१ मार्च १९७१ रोजी संसदेने पूर्व बंगालच्या जनतेला पाठिंबा देणारा ठराव एकमुखाने केला. जनसंघासारखा विरोधी पक्ष तर बांगलादेशाला मान्यता द्या म्हणून आग्रह धरीत होता. सेनाप्रमुख माणेकशा यांनी सिद्धतेसाठी अवधी मागितला आणि तो त्यांना मिळाला. स्थानिक जनता व मुक्तिवाहिनी आपल्या बाजूने होती. १६ डिसेंबरला सुमारे ९३ हजारांनी शरणागती पत्करली आणि मार्च १९७२ मध्ये आपले सैन्य माघारी आले. उद्दिष्ट स्पष्ट, राष्ट्र एकदिल आणि परतीची वाट ठरलेली, असा तो योग होता.

त्यानंतर अवघ्या सोळा वर्षांनी यातील एकही गोष्ट आपल्यापाशी नव्हती. २९ जुलै १९८७ रोजी राजीव गांधी आणि जयवर्धने यांनी कोलंबोत करारावर सह्या केल्या आणि दुसऱ्याच दिवशी शांतिसेना जाफन्यात उतरू लागली. देशात खरी चर्चा सुरू झाली ती त्यानंतर! १९८३ च्या दंगलींत तामीळ बांधवांवर झालेले अत्याचार भीषण होते आणि भारताने स्वस्थ बसावे असे कोणीही म्हणत नव्हते. पण ज्यांना आपणच शस्त्रे आणि प्रशिक्षण दिले, त्यांच्याकडूनच शस्त्रे काढून घेण्याचे काम आपल्या जवानांवर येऊन पडले. शांतता राखायला गेलेले सैन्य ऑक्टोबरमध्ये लिट्टेशी युद्ध करू लागले. जाफना विद्यापीठाच्या मैदानात हेलिकॉप्टरमधून उतरविलेल्या शीख लाइट इन्फन्ट्रीच्या ३० जणांपैकी २९ जण धारातीर्थी पडले. मुंबईत जन्मलेले, महार रेजिमेंटच्या आठव्या बटालियनचे मेजर रामस्वामी परमेश्वरन २५ नोव्हेंबर १९८७ रोजी छातीत गोळी लागली असतानाही लढत राहिले. मरणोत्तर परमवीरचक्र त्यांना लाभले, पण ज्या कार्यासाठी ते लढले त्याचे नाव आजही अनेक घरांत ठाऊक नाही.

पुढे तर कहर झाला. नवे अध्यक्ष प्रेमदासा यांनी भारतीय सैन्याने चालते व्हावे असे बजावले आणि त्याच लिट्टेला शस्त्रे पुरवली. सिंहलींना आपण आक्रमक वाटलो, तामिळांना विश्वासघातकी. मार्च १९९० मध्ये अखेरची तुकडी परतली, तेव्हा सुमारे १२०० जवान आपण गमावले होते. मद्रासच्या बंदरावर त्यांच्या स्वागताला राज्याचे मुख्यमंत्री फिरकले नाहीत. सैनिकाचा अपमान शत्रूने केला तर तो सोसता येतो. स्वदेशाने पाठ फिरविली तर ती जखम भरत नाही.

हा अनुभव गाठीशी होता म्हणूनच २००३ मधील निर्णय मोलाचा ठरतो. इराकमध्ये सुमारे १७ हजार भारतीय सैनिक पाठवावेत, असा अमेरिकेचा आग्रह होता. महासत्तेशी जवळीक साधण्याची सुवर्णसंधी दवडू नका, असा युक्तिवाद दिल्लीत जोरात होता. एप्रिलमध्ये लोकसभेने इराकवरील हल्ल्याची निंदा केली होती. अटलजींच्या सरकारने सर्वांचे ऐकून घेतले आणि १४ जुलै २००३ रोजी, संयुक्त राष्ट्रसंघाचा स्पष्ट आदेश नसल्याने, सैन्य पाठविण्यास नकार दिला. पुढे इराक यादवीच्या वणव्यात होरपळला. आणि ‘दवडलेल्या संधी’चे काय? अमेरिकेशी अणुकरार २००८ मध्ये झालाच!

कौटिल्याने राजनीतीचे सहा गुण सांगितले. त्यांत ‘यान’ म्हणजे चाल करून जाणे आहे, तसेच ‘आसन’ म्हणजे विचारपूर्वक स्थिर राहणेही आहे. आसन म्हणजे भ्याडपणा नव्हे. अर्थात कायमचे हात बांधून बसणे हेही शहाणपणाचे नाही. नोव्हेंबर १९८८ मध्ये मालदीवच्या सरकारने साद घातली, आपले छत्रीधारी सैनिक काही तासांत पोहोचले आणि बंड मोडले गेले. बोलावणे, उद्दिष्ट आणि मर्यादा तिन्ही स्पष्ट असली की यानही शोभून दिसते.

परदेशात सैन्य धाडण्यापूर्वी संसदेची संमती घेण्याचे बंधन आपल्या राज्यघटनेने सरकारवर घातलेले नाही. म्हणूनच समाजाची जबाबदारी वाढते. म्यानमारमध्ये २०२१ च्या लष्करी उठावानंतर यादवी भडकली आणि तेथील निर्वासित मिझोराममध्ये आले. असे प्रसंग पुन्हा येणारच. अशा वेळी आपण घोषणा देण्याआधी चार प्रश्न विचारावेत. यात राष्ट्रहित नेमके कोणते? तेथील जनता आपल्याला हवे आहे म्हणते का? काम संपले हे कशावरून ओळखायचे? आणि परतणाऱ्या जवानाच्या, वा त्याच्या कलेवराच्या, स्वागताला उभे राहण्याची आपली तयारी आहे का?

चौथ्या प्रश्नाचे उत्तर ज्याला ठामपणे देता येत नाही, त्याने पहिल्या तिन्हींवर मोठ्या आवाजात बोलू नये. शौर्य जवान देतो. विवेक राष्ट्राने द्यायचा असतो.