पद्मिनीच्या दात्यांत कोरलेला रस्ता

१/ आजचा धागा एका जुन्या मोटारीविषयी आहे. प्रश्न मात्र आपल्या नेहमीच्या अभ्यासातला आहे : इतिहासाच्या साधनात बदल करावा का, आणि केलाच तर किती? भिवंडीत आमच्या घरी आजोबांची प्रीमियर पद्मिनी आहे. महामार्गावर ताशी ८० किमीला इंजिनचा आवाज एवढा चढतो की मागे बसलेल्या आजीशी बोलता येत नाही. बाबा म्हणाले, "गिअरचे काहीतरी करू." इतिहासाची विद्यार्थिनी म्हणून मी कडाडून विरोध केला. आज तो विरोध मी अंशतः मागे घेत आहे.

२/ आधी वंशावळ. फियाटने ‘११००/१०३’ ही गाडी १९५३ साली इटलीत आणली. तिच्याच घराण्यातील ‘११०० डिलाइट’ १९६४ पासून प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कुर्ल्याच्या कारखान्यात बनू लागली आणि पुढच्या दशकात तिला ‘पद्मिनी’ हे नाव मिळाले. आता एक तारीख लक्षात घ्या : मिलान ते नेपल्स या इटलीच्या प्रसिद्ध द्रुतगती मार्गाचे काम १९५६ मध्ये सुरू झाले आणि १९६४ मध्ये पुरे झाले. म्हणजे या गाडीचा मूळ आराखडा त्या रस्त्याहून जुना आहे.

३/ इंजिन १०८९ सीसीचे, शक्ती जेमतेम ४० अश्वशक्ती. त्यात घरची पाच-सहा माणसे आणि टपावर वळकट्या. एवढे ओझे कसारा घाटात ओढायचे, तर चाकाच्या एका फेऱ्यामागे इंजिनाने अनेक फेरे घ्यायलाच हवेत. म्हणून चौथा गिअरही निवांत धावण्याचा नव्हता, ओढण्याचाच होता. तो आवाज दोष नव्हे. ज्या काळात ताशी ६० किमी हा समाधानाचा वेग होता, त्या काळाची ती साक्ष आहे.

४/ थोडे गणित. मागच्या आसातील १० दात्यांचे पिनियन ४३ दात्यांच्या क्राउनला फिरवते असे धरा, प्रमाण ४.३. चौथ्या गिअरला इंजिन आणि प्रोपेलर शाफ्ट सारख्याच वेगाने फिरतात. चाकाचा घेर सुमारे १.८५ मीटर धरला, तर ताशी ८० किमीला चाक मिनिटाला सुमारे ७२० फेरे घेते आणि इंजिन सुमारे ३१००. ताशी १०० किमीला हाच आकडा ३९०० च्या घरात जातो.

५/ आणि रस्ता? समृद्धी महामार्गाचे मुंबईकडील टोक आमच्याच तालुक्यात, आमणे येथे आहे. ७०१ किमीच्या या मार्गाचा शेवटचा इगतपुरी-आमणे टप्पा ५ जून २०२५ रोजी खुला झाला. मोटारींना वेगमर्यादा १२० किमी. इगतपुरीजवळचा सुमारे ७.८ किमीचा बोगदा कसारा घाटाची वळणे चुकवतो. ज्या चढणीसाठी हे दाते उपयोगी होते, ती चढणच या मार्गावरून वजा झाली.

६/ "मूळ रूपाला हात लावू नका" हा माझा पहिला युक्तिवाद होता. पण मूळ रूप कोणते? हिंदुस्थान मोटर्सनेच १९९० च्या दशकाच्या आरंभी ॲम्बेसेडरला इसुझूचे इंजिन आणि पाच गिअरांची पेटी दिली. काळाबरोबर बदलणे हाही या गाड्यांचा इतिहासच आहे.

७/ वाटा तीन. मोठ्या घेराचे टायर : फरक अल्प, शिवाय ते मडगार्डला घासण्याची भीती. ०.८५ प्रमाणाच्या पाचव्या गिअरची पेटी : ३१०० चे सुमारे २६५० होतात आणि घाटासाठी खालचे गिअर शाबूत ठेवता येतात. पण ती बसवण्यासाठी तळाचा पत्रा कापावा लागतो आणि स्टिअरिंगजवळचा दांडा जातो. तिसरी वाट ३.९ चे क्राउन-पिनियन : फेरे सुमारे २८०० वर येतात, बाहेरून काही दिसत नाही, मात्र सर्वच गिअरांत ओढ नऊ टक्क्यांनी घटते आणि स्पीडोमीटर खरा वेग कमी दाखवू लागतो, त्याचीही दुरुस्ती करावी लागते.

८/ माझे मत तिसऱ्या वाटेला आहे. कारण एकच : ती परत फिरता येते. कापलेला पत्रा पुन्हा मूळचा होत नाही. २०२१ च्या केंद्रीय नियमांनीही पन्नास वर्षांवरील गाड्यांना विंटेज नोंदणी देताना मूळ रूप राखण्याची अट घातली आहे. सांगाडा, बॉडी किंवा इंजिनात मोठा फेरफार चालत नाही. म्हणून कोणताही बदल करण्यापूर्वी आरटीओकडे चौकशी हवीच.

९/ आणखी एक पथ्य. फेरे कमी करायचे ते ८० किमी शांतपणे कापण्यासाठी. १२० गाठण्यासाठी नव्हे. पद्मिनीच्या चारही चाकांना ड्रम ब्रेक आहेत. इंजिन निवांत झाले म्हणून गाडी थांबायला लागणारे अंतर कमी होत नाही.

१०/ भिवंडीकरांना हे नवे नाही. यंत्रमागावर एक दातेरी चाक बदलले की इंचामागे बसणारे आडवे धागे बदलतात, कापडाचा पोतच बदलतो. पण काढलेले चाक जाणता कारागीर भंगारात टाकत नाही. जुन्या मालाची मागणी पुन्हा येऊ शकते. पुराभिलेखागाराचा नियम याहून वेगळा काय असतो?

११/ बाबांना मी दोन अटी घातल्या आहेत. जुने क्राउन-पिनियन तेलकागदात गुंडाळून आजोबांच्या ट्रंकेत ठेवायचे. सोबत एक वही : काय काढले, काय बसवले, किती दाते, कोणती तारीख. बाबांनी दोन्ही मान्य केल्या. वहीच्या पहिल्या पानावर नोंद मात्र आजीच्या सांगण्यावरून होईल : या गाडीतून कसारा घाट पहिल्यांदा चढलो, तेव्हा सोबत कोण कोण होते.