कुत्र्यामांजरांची भूल व धन्याचें कर्तव्य

शेतकऱ्यांच्या मासिकांत बैल, म्हैस, खत व बियाणें यांची चर्चा असावी, कुत्र्यामांजरांचें तेथें काय प्रयोजन, असें कित्येक वाचक म्हणतील. त्यांस माझें इतकेंच सांगणें आहे कीं, खळ्यावरील रास रात्रीं कुत्रें राखतें आणि कणगींतील दाणा मांजर राखतें. जो आपली राखण करितो त्याच्या जिवाची काळजी वाहणें हें धन्याचें काम आहे. शिवाय या बाबतींत मजकडून एक चूक घडली आहे, व ती कबूल केल्याशिवाय इतरांस चार शब्द सांगण्याचा मला अधिकार नाहीं.

तीन वर्षांपूर्वीं आमच्या मळ्यावरील कुत्रीची पिलें न होण्याची शस्त्रक्रिया करविण्याचें ठरलें. आदल्या रात्रींपासून तिला खावयास देऊं नका, असें डॉक्टरांनीं बजाविलें होतें. सकाळीं निघतांना ती माझ्या तोंडाकडे पाहूं लागली. मला दया आली आणि मीं तिला दुधांत कुसकरून अर्धी भाकर घातली. दवाखान्यांत विचारलें तेव्हां संकोचानें "उपाशीच आहे" असें सांगितलें. भुलींत तिला उलटी झाली, ती श्वासनळींत गेली, आणि फुप्फुसांस दाह होऊन चौथ्या दिवशीं ती गेली. तीस वर्षें सरकारी दप्तरांत खरी नोंद करण्यांत घालविलेल्या मनुष्यानें तोंडानें एक खोटी नोंद केली, आणि तिची किंमत त्या मुक्या जिवानें दिली.

भूल म्हणजे झोप नव्हे, हें आपण समजून घेतलें पाहिजे. झोपेंत गिळण्याची व खोकण्याची शक्ति शाबूत असते; भुलींत ती जाते. म्हणून मोठ्या जनावराचें अन्न रात्रीं बंद ठेवितात. पाणी मात्र सकाळपर्यंत चालतें. लहान पिलांस फार वेळ उपाशी ठेवूं नये, कारण त्यांच्या रक्तांतील साखर लवकर उतरते. त्यांच्यासाठीं किती तास, हें डॉक्टरांसच विचारावें.

या विद्येच्या इतिहासांत आपल्या शेजारच्या हैदराबादचें नांव आहे. इ. स. १८४७ मध्यें एडिंबरो येथें डॉ. सिम्सन यांनीं क्लोरोफॉर्म प्रचारांत आणिलें. त्यानें माणसें मरतात तीं श्वास थांबून कीं हृदय थांबून, असा वाद माजला. १८८८ व १८८९ मध्यें निजामाच्या राज्यांत डॉ. लॉरी यांच्या पुढाकारानें कमिशनें बसलीं व शेंकडों कुत्र्यांवर प्रयोग झाले. श्वासावर नजर ठेवा म्हणजे पुरे, असा त्यांचा निर्णय पडला. पुढें १९११ मध्यें लेव्ही यांनीं मांजरांवर प्रयोग करून दाखविलें कीं, हलक्या भुलींतही हृदय एकाएकीं बंद पडूं शकतें. तात्पर्य, श्वास व नाडी या दोहोंवर नजर हवी. क्लोरोफॉर्म आतां मागें पडलें, पण ही शिकवण मागें पडलेली नाहीं.

आजही धोका शून्य नाहीं. ब्रिटनमध्यें २००२ ते २००४ या काळांत ११७ दवाखान्यांतून ९८ हजारांवर कुत्रीं व ७९ हजारांवर मांजरें यांची नोंद ठेवण्यांत आली. सुमारें ६०१ कुत्र्यांत एक व ४१९ मांजरांत एक दगावलें. निरोगी जनावरांत हेंच प्रमाण १,८४९ कुत्र्यांत एक व ८९५ मांजरांत एक असें पडलें. मांजरांतील निम्म्याहून अधिक व कुत्र्यांतील जवळ जवळ निम्मे मृत्यु शस्त्रक्रिया आटोपल्यावर झाले, आणि त्यांतील पुष्कळसे पहिल्या तीन तासांत. म्हणजे जेव्हां आपण "झालें एकदांचें" म्हणून चहास जातों, तीच वेळ खऱ्या पहाऱ्याची असते.

आतां मूळ मुद्दा. आपल्या सभेनें पाळीव कुत्र्यामांजरांसाठीं शिबिर भरवावें अशी सूचना आहे. पशु जन्म नियंत्रण नियम, २०२३ यांनीं पाळीव जनावराच्या संततिनियमनाची जबाबदारी मालकावरच ठेविली आहे, तेव्हां सूचना योग्यच आहे. परंतु एका दिवसांत जास्तींत जास्त जनावरें स्वस्तांत उरकण्याकडे जो कल दिसतो, त्यास माझा विरोध आहे. पुढील गोष्टी होणार नसतील तर शिबिर न भरविलेलें बरें.

पहिली गोष्ट वजन. औषधाची मात्रा किलोवर ठरते, अदमासावर नव्हे. जनावर घेऊन काट्यावर उभें राहावें व आपलें वजन वजा करावें. सोसायटीचा धान्याचा काटा एक दिवस याकामीं द्यावा. एकाची मात्रा दुसऱ्यास चालत नाहीं; झायलाझीन हें औषध घोड्यास जेवढें लागतें त्याच्या सुमारें दशांशानें बैल गुंगतो. ग्रेहाउंडसारखीं सडपातळ कुत्रीं थायोपेंटोननें फार उशिरा शुद्धीवर येतात. आपलीं कारवानी कुत्रीं त्याच बांध्याचीं, म्हणून जात सांगावयास विसरूं नये.

दुसरी गोष्ट, प्रत्येक टेबलापाशीं शस्त्र न धरणारा एक मनुष्य असावा. त्यानें दर पांच मिनिटांनीं श्वास, नाडी व हिरड्यांचा रंग पाहून वेळेसह कागदावर उतरावा. केटामीन दिलेल्या मांजराचे डोळे उघडेच राहतात. ते कोरडे पडूं नयेत म्हणून त्यांत मलम घालावें.

तिसरी गोष्ट ऊब. भुलींत अंग गार पडतें, मांजराचें व पिलांचें तर विशेष. शहाबादी फरशीवर न निजवितां गोणपाट व घोंगडी घालावी, आणि जनावर मान सांवरून बसेपर्यंत धन्यानें जवळून हलूं नये.

चौथी गोष्ट, घरीं आल्यावर दुखतें म्हणून माणसाची गोळी कोणीं देऊं नये. पॅरासिटामॉलची एक गोळीही मांजराचा जीव घेऊं शकते.

यास खर्च अधिक येईल व जनावरें कमी होतील, हें मला मान्य आहे. पण पन्नासांऐवजीं पंधरा झालीं आणि पंधराही चालत घरीं गेलीं, तर पुढल्या वर्षीं लोक आपण होऊन येतील. एक दगावलें तर सारा गांव पाठ फिरवील. व्यवस्थापक मंडळानें येत्या बैठकींत हा विचार करावा. वाचकांस मात्र एकच विनंती: डॉक्टर विचारतील तेव्हां खरें सांगा. घास घातला असेल तर तसें सांगून परत या. दिवस वायां जाईल, पण जनावर वांचेल.

— एक निवृत्त महसूल कारकून