चाचणीचा वाफा आणि पेरणीचे शेत

जालना शहराची ओळख बियाण्यांमुळे आहे. 1964 साली बद्रीनारायण बारवाले यांनी येथे महिको कंपनीची स्थापना केली. नवे वाण आधी चाचणीच्या वाफ्यात पेरतात, हे या भागातील शेतकऱ्याला सांगावे लागत नाही. वाफ्यात पीक फसले तर झळ संशोधकाला बसते. शेतात फसले तर शेतकऱ्याचे वर्ष जाते. संगणकाच्या क्षेत्रातही हाच भेद पाळावा लागतो.

वर्डप्रेस हे संकेतस्थळे उभारण्याचे मुक्तस्रोत सॉफ्टवेअर 2003 मध्ये सुरू झाले. आज जगातील 40 टक्क्यांहून अधिक संकेतस्थळे त्यावर चालतात. अंबड किंवा परतूरच्या एखाद्या पतसंस्थेचे संकेतस्थळही त्यांत असू शकते. पसारा एवढा असल्याने मोठा नवा भाग बहुधा आधी प्लगइनच्या, म्हणजे वेगळ्या जोडणीच्या रूपाने देतात. ज्याची तयारी असेल तो ती वापरतो व दोष कळवतो. भाग मुरला की तो सर्वांसाठीच्या स्थिर आवृत्तीत येतो.

हे काम सबुरीने झाल्याचे उदाहरण म्हणजे रेस्ट एपीआय. संकेतस्थळावरील मजकूर मोबाइल ॲपसारख्या अन्य प्रणालींना वाचता-लिहिता यावा, यासाठीची ही व्यवस्था. डिसेंबर 2015 च्या 4.4 आवृत्तीत तिचा केवळ पाया घातला गेला. मजकुराची प्रत्यक्ष देवघेव वर्षभराने, 4.7 मध्ये आली.

गुटेनबर्ग या नव्या संपादकाची कथा वेगळी. 2017 मध्ये तो प्लगइन म्हणून आला. परिच्छेद, चित्र, तक्ता असे मजकुराचे तुकडे रचण्याची ही नवी पद्धत होती. पुढच्या वर्षी तो 5.0 आवृत्तीत घेण्याचे ठरले. ऑक्टोबर 2018 मध्ये दिव्यांगांच्या सुलभतेसाठी झटणाऱ्या वर्डप्रेसच्याच गटाने अहवाल दिला, की ज्यांना साहाय्यक साधनांची गरज आहे, त्यांना हा संपादक वापरण्याची शिफारस आपण करू शकत नाही. पडद्यावरचा मजकूर ऐकून काम करणाऱ्या दृष्टिहीनांचा हा प्रश्न होता. तारीख दोनदा पुढे गेली, तरी 6 डिसेंबर 2018 रोजी आवृत्ती प्रसिद्ध झालीच.

मात्र एक दार उघडे ठेवले होते. जुना संपादक 'क्लासिक एडिटर' या प्लगइनच्या रूपाने मिळत राहिला. त्याला 2021 अखेरपर्यंत आधार देण्याचे जाहीर झाले आणि पुढे ती मुदत वाढवण्यात आली. परतीची ही वाट नसती, तर अनेकांचे रोजचे काम अडले असते.

प्रयोगात सामील होणारा जोखीम स्वतःहून पत्करतो. स्थिर आवृत्तीत तीच जोखीम न विचारता सर्वांच्या खात्यावर पडते. म्हणून बहुसंख्यांना नवा भाग आवडला, एवढ्याने तो स्थिर ठरत नाही. सर्वांत अडचणीत असलेल्या वापरकर्त्याचे काम त्यावर चालते का, हे पाहावे लागते.

लहान संस्थांनीही आपल्यापुरती दक्षता घ्यावी. मोठी आवृत्ती घेण्यापूर्वी संकेतस्थळाची संपूर्ण प्रत जपून ठेवावी आणि नवी आवृत्ती आधी वेगळ्या प्रतीवर चालवून पाहावी. सुरक्षिततेच्या किरकोळ दुरुस्त्या मात्र लांबवू नयेत. वाफ्यातले रोप कितीही टवटवीत दिसले, तरी जाणता शेतकरी पहिल्याच वर्षी सगळे रान त्याच्या हवाली करीत नाही.