कुणाकडचे पाहुणे?

बारामती तालुक्यातल्या सांगवीसारख्या गावात परका माणूस एसटीतून उतरला, की पारावरून प्रश्न येतोच, "कुणाकडं आलाय, पाव्हणं?" त्याने नाव सांगावे, त्या घरी निरोप जावा आणि "होय, आमचेच!" असे उत्तर आले, की पाहुण्यापुढे चहा येतो. कॉलेजांच्या आवारातील वायफाय, म्हणजे बिनतारी इंटरनेट, हाच रिवाज पाळते हे ऐकून वाचकांना गंमत वाटेल.

२००२ साली हॉलंडमधल्या क्लास वीरेंगा यांनी एक कल्पना मांडली. विद्यार्थी कोणत्याही विद्यापीठात गेला, तरी ओळख आपल्या कॉलेजचीच चालावी! तिच्यातून 'एज्युरोम' उभे राहिले. आज शंभराहून अधिक देशांत ते आहे. भारतात त्याचा कारभार 'एर्नेट' पाहते. समजा, सांगवीची एक मुलगी यात सामील असलेल्या कॉलेजात शिकते आणि व्याख्यानासाठी दुसऱ्या संस्थेत जाते. यजमान संस्था तिच्या नावापुढचे कॉलेजचे नाव तेवढे वाचते आणि तिकडे विचारणा धाडते. परवलीचा शब्द जणू लाखेने बंद केलेल्या पाकिटातून जातो. तो कॉलेजनेच उघडायचा. यजमानाला कळते ते फक्त 'होय' किंवा 'नाही'.

मग घोडे अडते कुठे? पाटी कुणालाही लावता येते! एखादा भामटा पिशवीत लहानसे यंत्र घेऊन कँटीनमध्ये बसतो आणि त्याला 'एज्युरोम' हेच नाव देतो. अशा वेळी फोनने समोरच्याचे प्रमाणपत्र तपासायचे असते. पण पुष्कळ जुन्या फोनांत 'तपासणी नको' अशीही सोय असे. घाईच्या माणसाने ती निवडली, की पाकीट थेट चोराच्या हाती पडण्याची भीती! आणि त्याच शब्दावर मुलीची टपालपेटी नि निकालही उघडत असले, तर नुकसान नुसत्या इंटरनेटपुरते राहत नाही.

तेव्हा मंडळी, दिवाळीला मुले वसतिगृहातून घरी आली आहेत, तोवर चकलीच्या ताटापाशी तीन प्रश्न विचारून घ्या. फोनमधली प्रमाणपत्राची तपासणी चालू आहे ना? तिथे आपल्या कॉलेजच्या सर्व्हरचे नाव भरले आहे ना? आणि हाच परवलीचा शब्द आणखी कुठे वापरलेला नाही ना? उत्तर देताना चिरंजीव अडखळले, तर सुट्टी संपताच त्यांना कॉलेजच्या संगणक विभागात पाठवा. तिथे हे काम पाच-दहा मिनिटांचे आहे.