रात्र शरीराला कशी कळते?

२०१७ सालचे वैद्यकशास्त्राचे नोबेल पारितोषिक जेफ्री हॉल, मायकेल रॉसबॅश आणि मायकेल यंग या तिघांना जैविक घड्याळाच्या संशोधनासाठी जाहीर झाले, तेव्हा ‘आमच्या दिनचर्येत हे पूर्वीच सांगितले आहे’ असा सूर आपल्यापैकी अनेकांनी लावला. चरकाचार्यांनी निद्रेचे प्रकार सांगताना ‘रात्रिस्वभावप्रभवा’ निद्रा वेगळी काढली, आहार आणि ब्रह्मचर्य यांच्या बरोबरीने निद्रेला उपस्तंभाचे स्थान दिले, हे निर्विवाद आहे. परंतु रात्रीच्या स्वभावाने निद्रा येते असे म्हटल्यावर पुढचा प्रश्न उरतोच. रात्र झाली हे शरीराला कळते कसे? या एका प्रश्नाच्या पाठपुराव्यात ज्यांनी आपले संशोधक आयुष्य घालविले, त्या ब्रिटिश चेताशास्त्रज्ञ रसेल फॉस्टर यांच्या कार्याकडे वैद्यबंधूंचे व औषधी व्यावसायिकांचे लक्ष वेधावे, हा या लेखाचा हेतू आहे.

फॉस्टर यांचा जन्म १९५९ चा. ब्रिस्टल विद्यापीठात शिक्षण पूर्ण करून ते अमेरिकेतील व्हर्जिनिया विद्यापीठात मायकेल मेनाकर यांच्या प्रयोगशाळेत दाखल झाले. मेंदूच्या तळाशी, हायपोथॅलॅमसमध्ये, सुमारे वीस हजार चेतापेशींचा एक लहानसा पुंजका असतो. तो नष्ट केल्यास प्राण्याचा दैनंदिन ताल बिघडतो, हे १९७२ मध्ये दिसून आले होते. पण ताल बिघडला म्हणून घड्याळ तेथेच आहे असे सिद्ध होत नाही; तार तोडली तरी दिवा विझतोच. १९९० मध्ये मेनाकर यांच्या गटाने, ज्यात फॉस्टरही होते, हा प्रश्न निकालात काढला. ज्यांचा दिवस जन्मतःच सुमारे वीस तासांचा आहे अशा हॅमस्टरांचा हा पुंजका, तो काढून टाकलेल्या इतर हॅमस्टरांच्या मेंदूत रोपण केला, आणि यजमान प्राणी दात्याच्या तालावर चालू लागले. घड्याळाचा पत्ता लागला.

आता हे घड्याळ सूर्याशी कसे जुळविले जाते, हा प्रश्न पुढे आला. डोळ्यातील शलाका आणि शंकू या दोन प्रकारच्या पेशी प्रकाश टिपतात, तिसरी कोणतीही नाही, असे नेत्रशास्त्र दीड शतक मानीत आले होते. १९९१ मध्ये फॉस्टर आणि सहकाऱ्यांनी आनुवंशिक दोषामुळे दृष्टिपटल झिजलेले उंदीर घेतले. त्यांच्या शलाका पेशी पूर्णपणे आणि शंकू पेशी बहुतांशी नष्ट झालेल्या होत्या. तरीही त्यांचे घड्याळ निरोगी उंदरांच्या घड्याळाइतकेच प्रकाशाला प्रतिसाद देत होते. आंधळा उंदीर दिवस ओळखत होता.

या निष्कर्षाला कडवा विरोध झाला. उरलेल्या मोजक्या शंकू पेशीच हे काम करीत असतील, हा आक्षेप तर रास्तच होता. फॉस्टर यांनी त्याला शब्दांनी उत्तर दिले नाही. शलाका आणि शंकू दोन्ही नसलेल्या उंदरांवर पुन्हा प्रयोग झाले, आणि आठ वर्षांनी, १९९९ मध्ये, ते ‘सायन्स’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाले. प्रतिसाद तसाच राहिला. डोळे काढून टाकल्यावर मात्र तो नाहीसा झाला. म्हणजे ग्राहक पेशी डोळ्यातच आहे, पण ती शलाकाही नाही आणि शंकूही नाही. पुढे २००२ मध्ये अन्य संशोधकांनी ती पेशी दाखवून दिली. दृष्टिपटलाच्या आतल्या थरातील काही थोड्या चेतापेशींत मेलानोप्सिन नावाचे द्रव्य असते आणि त्या निळ्या प्रकाशाला सर्वाधिक प्रतिसाद देतात. डोळा पाहण्याचे इंद्रिय आहे तसे काळ जाणण्याचेही आहे, हे त्यामुळे निश्चित झाले.

या शोधाचा रुग्णाशी संबंध काय? शलाका-शंकू नष्ट झालेल्या अंध व्यक्तीचा डोळा ‘निकामी’ समजला जातो. पण त्याच्या आतल्या पेशी शाबूत असतील तर तोच डोळा तिची झोप सूर्याशी बांधून ठेवतो. असा डोळा काढला गेला, किंवा निरुपयोगी म्हणून सदैव काळ्या चष्म्याआड ठेवला, तर घड्याळ सुटते आणि झोपेची वेळ रोज थोडी थोडी पुढे सरकत जाते. अशा रुग्णाला निद्राकर औषध देऊन मूळ दोष दूर होणार नाही. डोळे शाबूत असतील तर त्याला सकाळच्या उजेडात बसण्यास सांगितले पाहिजे.

ऑक्सफर्डमध्ये आल्यानंतर फॉस्टर मनोविकारांकडे वळले. स्किझोफ्रेनियाच्या रुग्णांची झोप बिघडलेली असते, हे जुने निरीक्षण. त्याचे खापर औषधांवर किंवा नोकरी नसल्याने आलेल्या अनियमिततेवर फोडले जाई. २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात त्यांच्या गटाने वीस रुग्णांची तुलना एकवीस निरोगी, परंतु बेरोजगार व्यक्तींशी केली आणि सहा आठवडे नोंदी ठेवल्या. सर्व रुग्णांत झोपेचा लक्षणीय बिघाड आढळला. निम्म्यांचे तर घड्याळच दिवसरात्रीपासून फारकत घेऊन चालले होते. बेरोजगारीचा युक्तिवाद त्यामुळे टिकला नाही. ‘निरोगी, परंतु बेरोजगार’ या तीन शब्दांत त्या अभ्यासाचे सारे मोल आहे, आणि आपल्याकडील अनेक निबंधांत नेमकी हीच दक्षता आढळत नाही.

माझे प्रतिपादन असे की, अशा संशोधनाला आपण ‘आमच्या ग्रंथांना मिळालेली पावती’ म्हणून मिरविणे थांबवावे. ग्रंथकारांनी निरीक्षण केले. ते मोठे आहे. पण निरीक्षणाला आक्षेप घेणे, आक्षेपाला प्रयोगाने उत्तर देणे आणि त्यासाठी आठ वर्षे थांबणे, हे काम वेगळे आहे आणि ते दुसऱ्यांनी केले आहे. त्यांच्या श्रमांवर आपल्या नावाची मोहोर उठविल्याने आयुर्वेदाची प्रतिष्ठा वाढत नाही.

‘दवाखान्यातील गर्दीत संशोधन कसे करावे?’ असा प्रश्न येईल. उंदराच्या पिंजऱ्यातले फिरते चाक आणि त्याची रोजची नोंद, या प्रयोगांचा मुख्य आधार इतका साधा होता. आपल्याला तर रुग्ण स्वतः सांगतो. निद्रानाशाची तक्रार घेऊन आलेल्या प्रत्येकाच्या केसपेपरवर चार गोष्टी लिहाव्यात : अंथरुणावर पडण्याची वेळ, प्रत्यक्ष झोप लागण्याची वेळ, सुटीच्या दिवशी उठण्याची वेळ आणि सकाळी उघड्यावर किती वेळ जातो. ही नोंद पंधरा दिवस ठेवली तर निद्रेचा अभाव कोणता आणि निद्रेची चुकलेली वेळ कोणती, हे बहुतेकदा स्पष्ट होईल. पाळीत काम करणारा कामगार आणि चिंताग्रस्त गृहिणी यांना एकच तगर-जटामांसीचा योग देणे, हे मग आपल्यालाच रुचणार नाही.

सकाळच्या उन्हाचे मोल सांगतानाही अंक सांगावेत. घरातील दिव्यांचा उजेड सामान्यतः काहीशे लक्सच्या आत असतो. बाहेर मोकळ्यावर तो हजारो लक्स असतो. खिडकीबंद खोलीत दिवसभर बसणाऱ्याचे घड्याळ अर्धवट अंधारातच चालते.

औषधी व्यावसायिकांसही एक विनंती. गुंगी म्हणजे निद्रा नव्हे. झोपेसाठी काहीतरी मागणाऱ्या ग्राहकाला चूर्णाची बाटली पुढे करण्याआधी ‘किती दिवसांपासून?’ आणि ‘रात्रपाळी आहे काय?’ एवढे विचारावे. दीर्घकाळ घेत असलेली झोपेची गोळी आपल्या औषधाच्या भरवशावर एकाएकी बंद करू नये, हे त्यास आवर्जून सांगावे. अशाने गंभीर उपद्रव होऊ शकतात.

आपल्या संघटनेच्या प्रत्येक शाखेने वर्षभर निद्रानाशाच्या रुग्णांची अशी नोंद ठेवली आणि ती, आपल्या मताच्या विरुद्ध गेली तरी, जशीच्या तशी याच नियतकालिकात छापली, तर ‘रात्रिस्वभावप्रभवा’ या शब्दाचा तो खरा सन्मान ठरेल.