घोड्याचा पाय आणि पैजेचा हिशेब

कॅलिफोर्निया राज्याच्या अश्वशर्यत मंडळाने २००६ साली एक असाधारण निर्णय घेतला. राज्यातील प्रमुख रेसकोर्सनी २००७ सालअखेरपर्यंत आपले मातीचे ट्रॅक उखडून काढावेत आणि त्यांच्या जागी कृत्रिम ट्रॅक बसवावेत, असे मंडळाने फर्मावले. मातीच्या ट्रॅकवर पाय मोडून मरणाऱ्या घोड्यांचे प्रमाण कमी व्हावे, हा त्यामागील हेतू होता. हॉलिवुड पार्क, सॅन्टा अनिता, डेल मार आणि गोल्डन गेट फील्ड्स या चार रेसकोर्सनी प्रत्येकी कोटी डॉलरच्या आसपास खर्च करून हा आदेश पाळला. परंतु सॅन्टा अनिताने २०१० साली आणि डेल मारने २०१५ साली पुन्हा माती आणली. हॉलिवुड पार्क २०१३ साली व गोल्डन गेट फील्ड्स २०२४ साली कायमचे बंद पडले. केंटकीतील कीनलँडने कोणाच्याही आदेशाविना २००६ साली असा ट्रॅक स्वीकारला होता. तेही २०१४ साली मातीकडे परतले. दुबईच्या मेदान रेसकोर्सने २०१० साली बसवलेला ट्रॅक पाच वर्षेही टिकू दिला नाही. अपयशी ठरलेली सुधारणा मागे घेतली जाते, याचे आश्चर्य कोणाला वाटत नाही. येथे मात्र आपल्या मूळ उद्देशात बऱ्याच अंशी यशस्वी झालेली सुधारणा मागे घेतली गेली. असे का व्हावे, हा प्रश्न केवळ रेसच्या शौकिनांपुरता मर्यादित नाही.

कृत्रिम ट्रॅक म्हणजे प्लॅस्टिकची सतरंजी नव्हे. बारीक वाळूत कृत्रिम धागे आणि रबराचे तुकडे मिसळून त्या मिश्रणाला मेणाचा लेप दिलेला असतो आणि खाली पाणी निथळून जाण्यासाठी खडीचे थर असतात. पॉलिट्रॅक, टॅपेटा, कुशन ट्रॅक ही यातील निरनिराळी व्यापारी नावे. पावसाने अशा ट्रॅकचा चिखल होत नाही आणि खूर आदळताना बसणारा हादरा काही प्रमाणात शोषला जातो. याचे महत्त्व कळण्यासाठी घोड्याची शरीररचना ध्यानात घ्यावी लागते. सुमारे पाचशे किलो वजनाचे हे जनावर ताशी साठ किलोमीटर वेगाने धावते, तेव्हा एका क्षणी त्याच्या एकाच पुढच्या पायावर शरीराच्या वजनाच्या दुपटीहून अधिक भार येतो. तो पेलणारी पायाची नळी माणसाच्या मनगटाहून फारशी जाड नसते. ती मोडली की बहुधा सारेच संपते. घोडा माणसासारखा महिनोन्‌महिने खाटेवर पडून राहू शकत नाही. एका पायाचा भार दुसऱ्या पायांवर गेला की त्यांच्या खुरांना असाध्य विकार जडतो. २००६ सालच्या केंटकी डर्बीचा विजेता बार्बारो त्यानंतर दोनच आठवड्यांनी प्रीकनेस शर्यतीत पाय मोडून थांबला. मालकाजवळ पैशाची कमतरता नव्हती आणि डॉक्टरांनी आठ महिने शिकस्त केली, तरी जानेवारी २००७ मध्ये त्याला इंजेक्शन देऊन यातनांतून सोडवावे लागले. ज्या घोड्यांच्या नावाची पाटीही कोणाच्या लक्षात राहत नाही, त्यांच्यासाठी आठ महिने थांबण्याचा प्रश्नच येत नाही.

अमेरिकेच्या जॉकी क्लबने २००९ सालापासून अशा मृत्यूंची पद्धतशीर नोंद ठेवली आहे. त्या वर्षी दर हजार धावांमागे दोन घोडे दगावत होते. २०२३ साली हे प्रमाण १.३२ वर आले. कृत्रिम ट्रॅकवरील प्रमाण त्या वर्षी एकाहूनही कमी होते आणि मातीच्या ट्रॅकवरील प्रमाण त्याहून उघडपणे अधिक होते. हा फरक एखाद्या वर्षापुरता नाही. नोंदी सुरू झाल्यापासून तो सातत्याने दिसतो. हजारात एखाददुसरा घोडा हा फरक कागदावर किरकोळ वाटतो. परंतु एका देशात वर्षाला हजारो शर्यती होतात आणि एकेका शर्यतीत सात-आठ घोडे धावतात, हे लक्षात घेतले म्हणजे या दशांशांत शेकडो जनावरांचे आयुष्य सामावलेले आहे हे पटते.

तथापि कृत्रिम ट्रॅक हा जन्मतः भूतदयेचा अवतार होता, असे मानणेही चुकीचे ठरेल. इंग्लंडमध्ये तो आला तो वेगळ्याच कारणासाठी. तेथील हिवाळ्यात जमीन गोठते, हिरवळीवरील शर्यती रद्द होतात आणि रस्तोरस्ती असलेली सट्ट्याची दुकाने रिकामी पडतात. त्या दुकानांकडून घेतल्या जाणाऱ्या पट्टीतून तेथील शर्यतींना पैसा मिळत असल्याने, शर्यत नाही म्हणजे उत्पन्नही नाही. यावर तोडगा म्हणून १९८९ साली लिंगफील्ड आणि साउथवेल येथे कोणत्याही हवामानात चालणारे ट्रॅक घालण्यात आले. त्यांच्यावर आडव्या अडथळ्यांच्या शर्यतीही घेण्यात आल्या. त्यांत इतके घोडे गेले की १९९४ साली त्या थांबवणे भाग पडले. सपाट शर्यती मात्र सुरू राहिल्या आणि आज तेथे असे सहा रेसकोर्स आहेत. म्हणजे जो ट्रॅक इंग्लंडमध्ये पैजा अखंड चालाव्यात म्हणून आला, तोच अमेरिकेत पैजांचा हिशेब बिघडला म्हणून अप्रिय झाला. ट्रॅक घोड्याला कितपत मानवतो, या प्रश्नाला दोन्हीकडे दुय्यम स्थान मिळाले.

हा हिशेब कसा बिघडला, हे पाहण्यासारखे आहे. अमेरिकेतील मातीच्या ट्रॅकवर सुरुवातीपासून आघाडी घेणाऱ्या घोड्याला मोठा लाभ असतो. मागून येणाऱ्यांच्या तोंडावर मातीची ढेकळे उडतात, त्यामुळे ते बिचकतात. वेगाच्या आकड्यांवरून घोड्याची पात्रता ठरवण्याचे एक शास्त्रच तेथे तयार झाले आणि अँड्र्यू बायर या वृत्तपत्रलेखकाने १९७५ सालच्या आपल्या पुस्तकातून ते घरोघर पोचवले. कृत्रिम ट्रॅकवर ढेकळे फारशी उडत नाहीत. सुरुवातीला धापा टाकत पळणारा घोडा अखेरीस मागे पडतो आणि शक्ती राखून ठेवणारा पुढे येतो. हिरवळीवर वाढलेले घोडे तेथे सहज रुळतात. वर्षानुवर्षे जमवलेली टिपणे अशा रीतीने एका हंगामात निरुपयोगी झाली. बायर यांच्यासारखे जाणकार कृत्रिम ट्रॅकचे कठोर टीकाकार बनले, यात नवल नाही.

ब्रीडर्स कपच्या शर्यती २००८ आणि २००९ अशी लागोपाठ दोन वर्षे सॅन्टा अनिताच्या कृत्रिम ट्रॅकवर झाल्या, तेव्हा हा वाद शिगेला पोचला. २००८ सालच्या क्लासिक शर्यतीत मातीवरचा सम्राट समजला जाणारा कर्लिन सर्वांचा फेव्हरिट होता. तो चौथा आला. पहिले दोन्ही क्रमांक युरोपातून आलेल्या घोड्यांनी पटकावले. रेव्हन्स पास जिंकला, हेन्रीदनॅव्हिगेटर दुसरा आला. पुढच्या वर्षी झेन्याटा ही घोडी क्लासिक जिंकणारी पहिली मादी ठरली, तर कृत्रिम ट्रॅकवरच्या विजयाचे कौतुक ते काय, अशी कुजबुज झाली. २०१० साली चर्चिल डाउन्सच्या मातीवर ती शेवटच्या क्षणी केवळ डोक्याच्या फरकाने हरली आणि ती कुजबुज बरीचशी विरली. उलट बाजूने पाहिले तर २०११ सालचा केंटकी डर्बीचा विजेता अ‍ॅनिमल किंगडम त्यापूर्वी मातीवर कधीच धावला नव्हता. २०२२ साली ८० ला १ या भावाने डर्बी जिंकून सर्वांना चकित करणारा रिच स्ट्राइक त्याआधीची शर्यत केंटकीतील टर्फवे पार्कच्या कृत्रिम ट्रॅकवर धावून आला होता. कृत्रिम ट्रॅकवरील कामगिरीला काडीचीही किंमत नाही, असे मानणाऱ्यांनी या दोन्ही वेळी आपले पैसे गमावले.

पैज लावणाऱ्याची तक्रार अगदीच निराधार होती, असे मात्र नाही. अमेरिकेतील पैजा टोटच्या पद्धतीने चालतात. सर्वांचे पैसे एका राशीत जमा होतात, त्यातून चालक आणि सरकार मिळून साधारण सहाव्या ते चौथ्या हिश्शापर्यंत रक्कम आधीच काढून घेतात आणि उरलेली जिंकणाऱ्यांत वाटली जाते. जुगाराच्या अड्ड्यावर जिला नाल म्हणतात तीच ही रक्कम. ट्रॅक मातीचा असो, हिरवळीचा असो की मेणाचा, नाल कापली जातेच. ट्रॅक बदलल्याने रेसकोर्सचा वाटा घटत नाही. फक्त कोणाचे पैसे कोणाकडे जावेत हे बदलते. जाणकार नाडला जातो आणि नवशिक्याचे एखाद्या दिवशी फावते. त्यात मेणाचा गुणधर्म असा की सकाळच्या गारव्यात ट्रॅक एका प्रकारचा आणि दुपारच्या उन्हात दुसऱ्या प्रकारचा होतो. त्यावर यंत्र किती खोल फिरवले, पाणी किती मारले, याची माहिती पैज लावणाऱ्याला सहसा कळत नसे. माहिती हेच ज्याचे एकमेव संरक्षण, त्याला अंधारात ठेवून सुधारणा लादली तर तो सुधारणेचाच शत्रू बनतो.

याखेरीज आणखी दोन कारणे होती. पहिले तांत्रिक. सॅन्टा अनिताच्या पहिल्या कृत्रिम ट्रॅकमधून पाणीच निथळेना, त्यामुळे २००८ च्या प्रारंभी पावसाने अनेक दिवसांच्या शर्यती रद्द कराव्या लागल्या. ज्या गुणासाठी तो विकत घेतला, तोच गुण त्यात नव्हता. दुसरे कारण पैदाशीच्या व्यापाराचे. केंटकी डर्बी, प्रीकनेस आणि बेलमाँट या तीन मानाच्या शर्यती मातीवर होतात. मातीवर जिंकलेल्या घोड्याच्या वंशाला बाजारात भाव येतो. कोट्यवधी डॉलर गुंतवून मातीच्या वेगासाठीच पिढ्यान्‌पिढ्या वाढवलेले रक्त एकाएकी कमी किमतीचे ठरावे, हे त्या व्यापाऱ्यांना कसे परवडणार? डर्बीच्या तयारीसाठी उत्तम घोडे आपल्याकडे यायला हवेत आणि ब्रीडर्स कप मिळायला हवा, तर माती हवी, असा निष्कर्ष रेसकोर्स चालवणाऱ्यांनी काढला. कीनलँडला २०१५ साली आणि डेल मारला २०१७ साली ब्रीडर्स कप मिळालाही.

मातीकडे परतलेल्या सॅन्टा अनितावर २६ डिसेंबर २०१८ ते २३ जून २०१९ या एका हंगामात शर्यती आणि सराव मिळून ३० घोडे मेले. त्या हिवाळ्यात पाऊस असाधारण होता. मार्चमध्ये काही आठवडे शर्यती बंद ठेवाव्या लागल्या आणि हा धंदाच बंद करा, अशी मागणी प्रथमच गंभीरपणे होऊ लागली. यानंतर जे घडले ते कृत्रिम ट्रॅकच्या कट्टर समर्थकांनीही ऐकावे असे आहे. सॅन्टा अनिताने माती बदलली नाही. परंतु घोड्यांची तपासणी कडक झाली, औषधांवर आणि चाबकावर निर्बंध आले, धोक्याच्या पावसात शर्यती रद्द होऊ लागल्या आणि मृत्यूंचे प्रमाण लक्षणीय घटले. २०२० साली अमेरिकेने देशभर एकच सुरक्षा प्राधिकरण नेमणारा कायदा केला आणि २०२२ पासून त्याचे नियम लागू झाले. कृत्रिम ट्रॅकमुळे जीव वाचतात हे खरे. पण ट्रॅक बदलून बाकीचे सारे तसेच ठेवावे, ही समजूत भाबडी आहे. मेलेल्या घोड्यांची संख्या मोजली जाऊ लागली, ती प्रसिद्ध होऊ लागली आणि तिचा जाब विचारणारा कोणी तरी निर्माण झाला, हा बदल ट्रॅकच्या बदलाहून मोठा होता.

महाराष्ट्रात मातीविरुद्ध मेण हा वाद उद्भवत नाही. आपल्याकडील शर्यती हिरवळीवर होतात. रॉयल वेस्टर्न इंडिया टर्फ क्लबच्या नावातच ती आहे. मुंबईचा हंगाम हिवाळा-उन्हाळ्याचा आणि पुण्याचा पावसाळ्याचा, ही विभागणीही मुळात महालक्ष्मीच्या जमिनीने आणि मुंबईच्या पावसाने केली आहे. पुण्यात ट्रॅक किती मऊ झाला, याचा यंत्राने घेतलेला आकडा पाहिल्याशिवाय मुरलेला शौकीन खिशात हात घालत नाही. जमीन हा या खेळातला मूक भिडू आहे, हे त्याला कोणी सांगण्याची गरज नाही. १९९६ साली सर्वोच्च न्यायालयाने घोड्यांच्या शर्यती हा नशिबाचा नसून कौशल्याचा खेळ असल्याचा निर्वाळा दिला. जातिवंतपणा, तयारी, जॉकी, वजन आणि अंतर यांचा अभ्यास करून घोडा निवडता येतो, हे त्यामागील तत्त्व. ते मान्य केले की एक जबाबदारी ओघानेच येते. जो खेळ माहितीवर उभा आहे, त्यात माहिती दडवणे म्हणजे कौशल्याच्या नावाखाली जुगार चालवणे होय. ट्रॅकची अवस्था, त्याची निगा, घोड्याची पूर्वीची दुखापत आणि प्रत्येक हंगामात दर हजार धावांमागे गेलेले घोडे, हे सारे शर्यतीच्या पुस्तकात भावाइतक्याच ठळक अक्षरांत छापले गेले पाहिजे.

कॅलिफोर्नियात घोड्याचे हित आणि पैज लावणाऱ्याचे हित परस्परविरोधी आहे, असे गृहीत धरले गेले आणि दोघांचेही नुकसान झाले. वास्तविक लंगडणारा घोडा पळवला गेला तर त्याचा पाय जातो आणि त्याच्यावर लावलेले पैसेही जातात. बिघडलेला ट्रॅक लपवला गेला तर दोघेही फसतात. ज्यांच्या दहा-वीस रुपयांच्या पैजांवर हा सारा डोलारा उभा आहे, त्या सामान्य शौकिनांनी आपल्या वहीत वेगाच्या आणि वजनाच्या आकड्यांशेजारी हा आणखी एक आकडा मागून घ्यावा. घोडा बोलू शकत नाही. टोटच्या खिडकीसमोर उभा असलेला माणूस बोलू शकतो, आणि त्याच्या पैशाशिवाय एकही शर्यत सुरू होत नाही.